हात काखेत

मी कारखान्याच्या दारात उभी राहिले आणि सांगितलं, “माग बंद करा, मॅडम आल्यात.”

आमच्या ह्यांनी, रावसाहेबांनी, मान हलवली. चारही माग एकामागून एक थांबले. कोपऱ्यात सुताच्या कांड्या भरणाऱ्या, आमच्याकडं कितीतरी वर्षं कामाला असलेल्या आक्कांनी आपलं यंत्र बंद केलं, अंगावरचा कापूस झटकला आणि पदर सारखा केला. पाहुणं दारात आलं की माग थांबवायचे, ही आमच्या गल्लीची रीत. नाहीतर त्या खडखडाटात “या, बसा” म्हटलेलं कुणाला ऐकू जाणार?

पुढं घर, मागं कारखाना, मध्ये एक दार. घरातल्या सतरंजीवर तांबोळी मॅडम बसल्या होत्या. मूळच्या मिरजेच्या. वय फार तर अठ्ठावीस, पण चष्मा असा लावायच्या की मला माझी शाळा आठवायची, आणि मी तर सातवीतच शाळा सोडलेली. कर्णबधिर मुलांच्या केंद्रात त्या शिकवायच्या. गेले तीन महिने आठवड्यातून दोनदा मी कस्तुरीला त्यांच्याकडं नेत होते. आज पहिल्यांदाच त्या घरी आल्या होत्या.

कस्तुरी सहा वर्षांची. तिला ऐकू येत नाही, हे आम्हाला ती साडेचार वर्षांची झाल्यावर कळलं. हे सांगितलं की अजूनही लोक माझ्याकडं बघतात. आईला कसं कळलं नाही? आता काय सांगायचं! हाक मारल्यावर पोर वळत नाही, याची काळजी करायला आधी घरात कुणीतरी हाकेला वळत असावं लागतं. आमच्याकडं आक्कांना बोलवायचं तर खांद्याला हात लावायचा. ह्यांना बोलवायचं तर समोर जाऊन उभं राहायचं. कस्तुरी आमच्यासारखीच वागत होती, म्हणून ती आम्हाला शहाणी वाटत होती.

मॅडमनी सतरंजीवर चित्रांचे पत्ते मांडले. छत्री, पेला, चेंडू, बदक. कस्तुरीच्या कानातलं मशीन नीट बसवलं. आपले ओठ दिसतील असं तोंड तिच्यासमोर आणलं.

“कस्तुरी, बदक दे. ब-द-क.”

कस्तुरी मॅडमच्या ओठांकडं बघत राहिली. मग माझ्याकडं बघितलं. मी पटकन दोन्ही हात काखेत घातले.

ही मॅडमचीच शिकवण. हातवारे पूर्ण बंद. हातानं सांगितलं की मूल आळशी होतं, ओठ वाचत नाही, आवाजाकडं लक्ष देत नाही. ज्या आईला सवय मोडत नाही तिनं हात काखेत घालून बसायचं. तीन महिने मी घरात तशी बसत होते. भाकरी थापायची तेवढी सूट होती.

कस्तुरीनं मॅडमना पेला दिला.

“छत्री कुठं आहे?”

तिनं पुन्हा पेलाच दिला. तिला वाटलं असणार, बाईंना तहान लागलीय.

असं अर्धा तास चाललं. मग मॅडमनी पत्ते गोळा केले आणि फार हळू आवाजात म्हणाल्या, “मालनताई, शनिवारी मला अहवाल द्यायचाय. आमचे प्रमुख देशिंगकर सर सही करतील.”

“काय लिहिणार?”

“ऐकू येत नाही हे तर आहेच. पण समजही कमी आहे असं लिहावं लागेल. तीन महिन्यांत एकही सूचना तिला कळलेली नाही.”

“मग?”

“मग जूनमध्ये आमच्या वर्गात तिला घेता येणार नाही. अशा मुलांची निवासी शाळा आहे. दीडशे किलोमीटरवर. चांगली आहे, मी बघून आलेय.”

ती शाळा चांगली असेलही. तिथं ज्या पोरांना जायला हवं, त्यांचं तिथं भलंच होत असेल. पण माझी पोर वेगळ्याच कारणानं तिथं चालली होती, आणि ते कारण मला मांडता येत नव्हतं.

“मॅडम, घरात तिला सगळं कळतंय हो.”

“सगळ्या आया असंच म्हणतात.”

दारातून आक्का बोलल्या, “मग सगळ्या आया खोटं बोलत्यात व्हय?”

“खोटं नाही हो आक्का. रोज तेच तेच काम असलं की मुलाला सवयीनं कळतं. आईला वाटतं, बोललेलं कळलं. मी विचारलं होतं ना मालनताई, घरात हातवारे करता का?”

“छे! तुम्ही सांगितल्यापासून अजिबात न्हाई.”

हे मी अगदी देवाशपथ खरं सांगत होते.

मी चहा टाकायला उठले. तिकडं हे दारात एकदा या पायावर, एकदा त्या पायावर. पाचला लाईट जाणार होती, तोवर कापड उतरायला हवं होतं, आणि पाहुणी तर बसलेली. शेवटी मॅडमनाच कळलं. “चालू करा ना माग. माझ्यासाठी कशाला थांबवलेत?” हे तेवढ्याचीच वाट बघत होते.

माग सुरू झाले. जमीन हलायला लागली. मॅडमनी चहा अर्धा पिऊन कप खाली ठेवला आणि मला काहीतरी विचारलं. ते मला ऐकू आलं नाही, पण बोटानं त्यांनी कारखान्याकडं दाखवलं. बघू का? मी म्हटलं, या की.

आम्ही दारात पोचायच्या आधी कस्तुरी आमच्यामधून निसटून आत गेली होती.

मी रोज बघत होते तेच चाललं होतं. दुसऱ्या मागावर सुताची तार तुटली. ह्यांनी पलीकडून कस्तुरीला सांगितलं, आक्कांकडून लाल कांड्या आण, चार आण, निळ्या नकोत. ती पळाली. आक्कांनी तिला विचारलं, चारच का? तिनं सांगितलं, बाबांनी चारच सांगितल्यात. आक्का म्हणाल्या, तुझा बाबा चिकट आहे, सहा घेऊन जा. कस्तुरी हसली, सहा घेऊन गेली आणि आक्का काय म्हणाल्या तेही बापाला जाऊन सांगितलं. ह्यांनी आक्कांकडं डोळे वटारले. मग आक्कांनी शेजारच्या सुनेनं सकाळी सासूला कसं उत्तर दिलं ते सांगायला घेतलं. कस्तुरी कांड्यांच्या पेटीवर बसून ऐकायला लागली आणि मधे मधे विचारायला लागली, मग सासू काय म्हणाली? मग?

मॅडमनी माझं मनगट धरलं. चांगलंच घट्ट. मला ओढत घरातून पार पुढच्या कट्ट्यापर्यंत नेलं, जिथं माणसाला माणसाचं ऐकू येतं.

“हे काय चाललंय?”

“काम.”

“काम नाही. ती काय करत होती? आक्का काय करत होत्या?”

“आक्का होय! त्यांचं नका मनावर घेऊ. सासवासुनांचं ऐकायला-सांगायला त्यांना फार आवडतं.”

“मालनताई, तुम्ही मला सांगितलंत, हातवारे बंद केलेत.”

“केलेत की.”

“मग हे काय?”

“हे बोलणं आहे.”

मी काही चलाखी करत नव्हते. हातवारे म्हणजे नळावर भांडताना बायका करतात ते. नाटकात करतात ते. कारखान्यात आम्ही बोलायचो. माझी सासू तसंच बोलायची, तिची सासूही. लग्न होऊन आले तेव्हा पहिले दोन महिने मला कुणाचं काही कळायचं नाही, नवरा दिवसभर भांडतोय असंच वाटायचं. नंतर कळायला लागलं आणि मग ते कसं बोलतात, हे दिसायचंच बंद झालं.

मॅडम माझ्याकडं बघत राहिल्या. “मी आल्यावर तुम्ही रावसाहेबांना माग बंद करायला सांगितलंत.”

“सांगितलं की. दारातून.”

“मी सतरंजीवर बसले होते. मला आवाज आला नाही.”

मी तोंड उघडलं आणि तसंच राहिलं. माझा उजवा हात हवेत होता. त्या वेळी जिथं गेला होता, अगदी तिथंच. मी त्याच्याकडं असं बघितलं, जणू दुसऱ्याच कुणाचा हात माझ्या खांद्याला शिवलाय.

“अगं बाई,” मी म्हटलं.

मॅडम मटकन कट्ट्यावर बसल्या आणि त्यांना हसू यायला लागलं. मग मलाही. शेजारची सून खिडकीतून बघायला लागली, या दोघी कशाला हसतायत म्हणून.

“मघाशी ती माझ्याकडं बघून बापाला काहीतरी म्हणाली. काय म्हणाली?”

“चहा अर्धाच प्यायल्या, आईनं साखर जास्त घातली असणार, असं.”

“बरोबर आहे. फार गोड होता.” त्या पुढं सरकल्या. चष्म्यामागचे डोळे एकदम लहान पोरीसारखे झाले होते. “पण त्यात मी कुठं आले? ‘मॅडम’ कसं म्हणाली ती?”

हे मला सांगायचं नव्हतं. मी म्हटलं, “असंच काहीतरी.”

“मला कसं म्हणते ती?”

लाल कांड्यांचा हिशोब सोडून आक्का आमच्यामागं कधी येऊन उभ्या राहिल्या होत्या, देव जाणे. त्या पुढं आल्या. दोन्ही हात काखेत घातले आणि तोंड पाडलं.

“ह्या तुम्ही,” आक्का म्हणाल्या. “पोरगी तुमाला असं म्हणती.”

मॅडमचं हसू गेलं. आत माग चालले होते. मला वाटलं, आता चिडतील. मी सारवासारव करायला गेले, “अहो, लहान आहे ती...”

“आम्हाला असंच शिकवलं होतं, मालनताई,” त्या म्हणाल्या. “तीस मुलांचे हात बंद केलेत मी.” मग पिशवीतून वही काढली. “पाचला लाईट जाणार ना? चला आत. परीक्षा पुन्हा घ्यायची.”

त्या पाऊण तासात काय काय झालं ते सगळं सांगत नाही. मॅडम माझ्या कानाशी ओरडून सांगायच्या, मी कस्तुरीला सांगायचे, आणि मॅडम माझे हात वहीत काढून घ्यायच्या. आधी सोपं. मग त्यांना चेव आला. दोन कांड्या आण, एक बाबांना दे, दुसरी खिडकीत ठेव, पण आधी खिडकीतलं मांजर हाकल. कस्तुरीनं मांजर हाकललं, कांडी ठेवली, आणि मला विचारलं, मांजरानं काय केलंय?

“आता बदक,” मॅडम ओरडल्या. “बदकाला काय म्हणता?”

“मागावर बदक कुठनं येणार?”

काही शब्द आमच्याकडं नव्हतेच. फुलपाखरू नाही, वाघ नाही, ‘क्षमा करा’ नाही. ‘माया’ला काय म्हणता, असंही त्यांनी विचारलं. मी म्हटलं, “मागावर माया कोण सांगत बसतंय?” त्यांनी तेही लिहून घेतलं.

तेवढ्यात कस्तुरीनं त्यांच्या हातातला बदकाचा पत्ता ओढून घेतला. चित्र उजेडात धरलं. थोडा विचार केला. मग तिनं एक हात पाण्यासारखा सपाट हलवला, आणि दुसऱ्या हातानं त्यावरून धोटा सोडला. कापडातून आडवा दोरा घेऊन इकडून तिकडं धावतो तो धोटा. शेवटी बोटांनी चपटी चोच केली. पाण्यातला धोटा. मॅडमना विचारलं, हेच ना?

मॅडमनी माझ्या मदतीशिवाय मान हलवली.

पाचला लाईट गेली. सगळे माग गप्प झाले, आणि कस्तुरी परत आमच्या तोंडांकडं बघायला लागली. आम्हीही तोंडानंच बोलायला लागलो होतो. तेव्हा मला कळलं, गेली सहा वर्षं लाईट गेली की ही पोर एकटी पडत होती.

शनिवारी आम्ही केंद्रात गेलो. ह्यांना काम टाकून येता येईना, म्हणून मी आणि कस्तुरीच. देशिंगकर सरांचं वय साठीला आलेलं. पांढरी पँट, पांढरा शर्ट. वाईट माणूस नव्हता. कितीतरी पोरांना त्यांनी बोलायला शिकवलं होतं, आणि ती पोरं मोठी होऊन पेढे घेऊन यायची. त्यामुळं तर जास्तच अवघड.

त्यांनी मॅडमची वही उलटून बघितली.

“तांबोळी, या घरगुती खाणाखुणा झाल्या. आई खूण करते, मूल करतं. याला समज म्हणायची का?”

“सर, ती प्रश्न विचारते.”

“असं आईनं सांगितलं. खूण तुम्हाला कळत नाही, मला कळत नाही. मग आई जो सांगेल तो अर्थ.” सर माझ्याकडं वळले. “रागावू नका. आईचा यात दोष नसतो. तिला ऐकू येतं ते तिच्या मनातलं असतं.”

ते चुकीचं म्हणावं तर दीड वर्षापूर्वीपर्यंत माझ्या मनातली पोर ऐकतही होती.

“मी स्वतः बघतो,” सर म्हणाले. “काचेच्या खोलीत. आईनं मधे पडायचं नाही.”

काचेची खोली म्हणजे कानाची तपासणी करायची खोली. भिंतींना जाड गाद्या लावलेल्या, बाहेरचा आवाज आत येत नाही आणि आतला बाहेर जात नाही. समोर मोठी काच. आत मी आणि कस्तुरी, बाहेर सर आणि मॅडम. सर बटण दाबून बोलले की आत आवाज यायचा, आणि बटण दाबलेलं असेल तोवर आतलं बाहेर ऐकू जायचं. मी हात काखेत घातले. मॅडमनी काचेतून ते बघितलं आणि मान खाली घातली.

“कस्तुरी, चेंडू टोपलीत टाक,” आवाज आला.

कस्तुरी काचेकडं बघत होती.

“कस्तुरी. चेंडू.”

तिनं माझ्याकडं बघितलं. मी छताकडं.

दहा मिनिटं. सरांनी बटण सोडलं आणि लिहायला घेतलं. मॅडम त्यांना काहीतरी सांगत होत्या, आवाज येत नव्हता, पण त्यांचे ओठ भराभर हलत होते. सर मान हलवत होते. नाही. नाही. पेन कागदावर चाललं होतं. दीडशे किलोमीटर, मी मनात म्हटलं. जाऊन-येऊन एक दिवस. महिन्यातनं एकदा.

लिहून झाल्यावर सरांनी वर बघितलं. आता पुरे, बाहेर या, असं त्यांना मला सांगायचं होतं. बटण दाबायचं विसरले. बोलले, आणि मला ऐकू येत नाही हे ध्यानात आल्यावर उजवा हात आडवा धरून झटक्यात एका बाजूला नेला. झालं, संपलं, अशा अर्थी.

कस्तुरी ताठ झाली.

ती खुर्चीवरून उतरली. खोलीभर बघितलं. खाली वाकून टेबलाखाली बघितलं. मग काचेसमोर जाऊन उभी राहिली आणि सरांना काहीतरी विचारलं. सर बघतच राहिले. तिला वाटलं, बाबांसारखं यांनाही लांबून दिसत नसेल. तिनं हात मोठे करून पुन्हा विचारलं. आणि वाट बघत उभी राहिली.

सरांनी बटण दाबलं. “काय म्हणते ती?”

“सर, आईनं मधे पडायचं नाही म्हणालात.”

“मी विचारतोय. सांगा.”

“तुम्ही हात असा नेलात ना, आमच्या मागावर त्याला ‘बीम संपलं’ म्हणतात. बीम म्हणजे उभ्या सुताचा मोठा रूळ. तो संपला की माग थांबवावा लागतो. ती विचारतेय, बीम संपलं म्हणताय, पण इथं माग कुठाय?”

मॅडमनी तोंडावर हात धरला होता.

“हे तुम्ही आत्ता तिला शिकवलं नाहीत?”

“सर, हात तुमचा होता.”

सरांनी तो कागद पुढं ओढला, पेनानं एक ओळ आडवी खोडली, वर काहीतरी लिहिलं, सही केली आणि न बघताच मॅडमकडं सरकवला. मॅडमनी वाचला. वाचून माझ्याकडं बघितलं आणि तोंडानं काही न बोलता मला सांगितलं, जून. सहा बोटं दाखवून सांगितलं. अगदीच गावंढळ, पण कळण्यासारखं.

कस्तुरी अजून काचेपाशी उभी होती. तिच्या प्रश्नाला उत्तर मिळालं नव्हतं.

सरांनी बटण पुन्हा दाबलं. घसा खाकरला.

“बाई, ‘चुकलं, इथं माग नाही’ हे कसं सांगायचं?”

“मला नका विचारू,” मी म्हटलं. “तिलाच विचारा.”

सरांनी पेनाला टोपण लावलं, खुर्ची काचेजवळ ओढली आणि दोन्ही हात वर धरले. रिकामे. कस्तुरीनं ते जरा वेळ नीट बघून घेतले. मग काचेवर बोट ठेवून त्यांच्या डाव्या हाताकडं दाखवलं. हा नको, आधी तो.